डावा पाय

ईमेलमध्ये लिहिलं होतं,
तुम्ही कोण आहात हे कुणालाही कळता कामा नये.
मी कोपरखैरण्याच्या ओट्यापाशी उभी राहून हसले,
कुकरची शिट्टी झाली तरी हसतच होते.
तेवीस वर्षं हेच तर करत आलेय,
त्याचे साडेतीनशे रुपये मात्र
आजवर कुणी देऊ केले नव्हते.

पहिलं काम: वाशी, सेक्टर सतरा, चपलांचं दुकान.
मंगळवारी, चार ते सहाच्या दरम्यान.
आत गेल्यावर किती सेकंदांत स्वागत झालं, मोजायचं.
घड्याळाकडे बघायचं नाही.
काही लिहून घ्यायचं नाही.
सहाशेपर्यंतचं काहीतरी विकत घ्यायचं,
घेताना एकदा तरी कां-कूं करायची.

परवचा म्हणावा तशी बत्तीस प्रश्नांची उजळणी केली.
रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं
तेव्हा कळलं, ओठ हलतायत.

काचेचं दार ढकललं.
एक, दोन, तीन…
ती होती, पण खोक्यांच्या थप्पीमागे,
एका उपड्या खोक्यावर बसलेली,
सँडल काढून तळवा दाबत.
प्रश्न सात: कर्मचारी बसलेले आढळले का?
त्या दुकानात बसायला गिऱ्हाइकाला जागा होती,
गिऱ्हाइकाच्या पोराला, पिशवीला,
पिशवीतल्या कोथिंबिरीलासुद्धा.

अकराला ती उठून आली.
'या काकू,' म्हणाली.
'काकू'चे गुण द्यायचे की कापायचे
ते कुठे दिलेलं नव्हतं.

तिनं माझा पाय धरून लोखंडी पट्टीवर ठेवला,
मग दुसरा. मग पुन्हा पहिला.
'डावा मोठा आहे तुमचा, अर्ध्या नंबरानं.'
चोपन्न वर्षं मी समजत होते
की दर जोडातली डावीच मेली खोटी निघते.
लग्नात जोडवी चढवणारा सोनारसुद्धा
काही बोलला नव्हता.
मी तिला बघायला आलेले,
आणि बघितलं तिनं.

बॅजवर नाव होतं करिश्मा.
तेवढ्यात काउंटरवरून हाक आली,
'उज्ज्वला, सात नंबर काढ गं!'
आणि करिश्मा उठली.

परत आली तेव्हा मी बॅजकडेच बघत होते.
तिनं तळव्यानं तो झाकला.
'आधीच्या पोरीचा आहे. माझा यायचाय.
श्रावणापासून यायचाय.'
मी मान हलवली.
मी ग्राहक क्रमांक चारशे अठरा,
हे ओठांपर्यंत आलं होतं.

चप्पल सातशे नव्व्याण्णवची निघाली.
कां-कूं करायची राहूनच गेली.
एकशे नव्व्याण्णव पदरचे.

रात्री सगळे झोपल्यावर फॉर्म उघडला.
कर्मचाऱ्याचं नाव, बॅजवर असेल तसं: करिश्मा.
सातव्या प्रश्नाला सरळ 'हो' लिहिता येत होतं.
बट्टा लागला असता तो गेलेल्या पोरीला,
आणि ती आता कुठे असेल, कोण जाणे.
खरं बोलणं इतकं स्वस्त
मला कधीच मिळालं नव्हतं.
पण पुढे एकोणिसावा आला,
माप काळजीपूर्वक घेतलं का?
पाचपैकी पाच.
तेही करिश्मालाच.

इथे अडले.
खाली शेऱ्यासाठी चौकोन होता, पाचशे अक्षरांचा.
त्यात 'उ' लिहिला.
खोडला. बॅजची भानगड वर गेली असती.
मग वर जाऊन सातव्यापुढे 'नाही' केलं.
कामाचा पहिलाच दिवस,
आणि पहिलीच खोटी साक्ष.
चौकोनात लिहिलं, या मुलीला
पाय कळतात.
कोणत्या, ते त्यांनी शोधावं.

आता नवी चप्पल घालून
अंधारात ओट्यापाशी पाणी पितेय.
डावी अगदी बरोब्बर.
उजवी थोडी सैल पडते,
पडू दे.